त्रिनिदादचे फुटबॉल क्लब: आश्रयदाते आणि मैदाने

नमस्कार श्रोतेहो,

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९७१ च्या मार्च महिन्यात तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय मिळवला, दिलीप सरदेसाईंनी शतक काढले आणि सुनील गावसकर त्याच सामन्यात प्रथम कसोटी खेळले, एवढे मराठी क्रिकेटरसिकाला तोंडपाठ असते. त्याच शहरात, सव्हाना नावाच्या विस्तीर्ण हिरवळीवर, शंभराहून अधिक वर्षे फुटबॉलचे क्लब खेळत आले आहेत, हे मात्र आपल्या कानावर सहसा येत नाही. या क्लबांची वाटचाल आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. राष्ट्रीय संघाचे जयपराजय त्यात ओघाने येतील, पण माझा भर क्लबांवर राहील. कारण त्रिनिदादमध्ये उत्तम खेळाडूंची वाण कधीच नव्हती, वाण राहिली ती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहणाऱ्या क्लबांची, आणि तसे का झाले याचे उत्तर त्या क्लबांच्या जन्मकथेतच सापडते.

त्रिनिदाद आणि टोबॅगो या दोन बेटांच्या देशाची लोकसंख्या सुमारे १४ लाख. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतचे हे राष्ट्र खनिज तेल आणि नैसर्गिक वायूवर उभे आहे. इंग्रजांनी तिथे फुटबॉल आणला आणि १९०८ मध्ये हौशी फुटबॉलची संघटना स्थापन झाली. राजधानीतील आरंभीचे क्लब खेळासाठी जितके होते तितकेच समाजातील पायरी दाखवण्यासाठी होते. शॅमरॉक हा मुख्यतः गोऱ्या कॅथलिक घराण्यांचा. मेपल हा उजळ वर्णाच्या, शिकलेल्या मध्यमवर्गाचा. याच नावांचे क्लब क्रिकेटही खेळत. त्रिनिदादचे थोर विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांना तरुणपणी क्रिकेटसाठी क्लब निवडताना मेपलमध्ये जावे की कृष्णवर्णीय कनिष्ठ मध्यमवर्गाच्या शॅननमध्ये, असा पेच पडला होता. स्वतः कृष्णवर्णीय असूनही त्यांनी मेपल निवडला, आणि त्या निवडीमुळे आपण सामान्य लोकांपासून तुटलो व आपली राजकीय समज वाढायला कित्येक वर्षे उशीर झाला, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. फुटबॉलमध्येही मेपल आणि माल्व्हर्न यांच्या लढतींना दीर्घ परंपरा होती. क्लब म्हणजे कोणाशी उठबस करायची याचा निर्णय, हा त्या काळाचा अर्थ. आणि तो अर्थ ज्या समाजाने दिला होता तो समाज स्वातंत्र्यानंतर, म्हणजे १९६२ नंतर, झपाट्याने पालटला, तेव्हा हे क्लबही हळूहळू मागे पडले.

बेटाच्या दक्षिण भागात गोष्ट वेगळी होती. तिथे तेलाच्या विहिरी होत्या, शुद्धीकरणाचे कारखाने होते आणि कामगारांच्या वसाहती होत्या. तेल कंपन्यांनी कामगारांसाठी मैदाने आखली, संघ बांधले आणि चांगल्या खेळाडूला नोकरी देण्याची रीत पाडली. नोकरीचा पगार हाच खेळाडूचा आधार असे. पॉइंट फोर्टिन या नैर्ऋत्येकडील तेलनगरीने दोन असे खेळाडू दिले की त्यांची नावे उत्तर अमेरिकेच्या फुटबॉल इतिहासात कोरली गेली. वॉरेन आर्चिबाल्ड आणि स्टीव्ह डेव्हिड हे दोघेही मायामीच्या टोरोज संघाकडून तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळले. १९७३ चा सर्वोत्तम खेळाडू आर्चिबाल्ड ठरला आणि १९७५ चा डेव्हिड. पेले न्यूयॉर्कला आले ते वर्षही १९७५ हेच, हे लक्षात घेतले म्हणजे या सन्मानाचे वजन कळते. एका छोट्या तेलनगरीतील दोन मुले दोन वर्षांच्या अंतराने तिथवर पोहोचतात, यामागे कंपनीचे मैदान आणि कंपनीची नोकरी यांचा मोठा वाटा होता. पुढे तेल उद्योग सरकारी मालकीचा झाला, कंपन्यांची नावे बदलली आणि संघांचीही बदलली. १९९३ मध्ये पेट्रोट्रिन ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा युनायटेड पेट्रोट्रिन हा संघ १९९७ मध्ये कॅरिबियन क्लब स्पर्धेचा पहिला विजेता ठरला. त्याच पेट्रोट्रिनचा शुद्धीकरण कारखाना २०१८ च्या अखेरीस बंद करण्यात आला.

आता मी ज्या क्लबाकडे येतो, त्यावर थोडे रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या बेटाच्या क्लब फुटबॉलची किल्ली तिथे आहे. त्याचे नाव डिफेन्स फोर्स. देशाच्या संरक्षण दलांचा हा संघ १९७४ मध्ये उभा राहिला, आणि अवघ्या चार वर्षांत, १९७८ मध्ये, उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे मिळून होणाऱ्या क्लब अजिंक्यपदाचा तो संयुक्त मानकरी ठरला. अंतिम टप्प्यातील सामन्यांच्या तारखा जुळेनात, म्हणून मेक्सिकोचा युनिव्हर्सिदाद दे ग्वादालाहारा, ग्वाटेमालाचा कोमुनिकासिओनेस आणि डिफेन्स फोर्स या तिघांनाही विजेते जाहीर करण्यात आले. असा वाटून घेतलेला मान कोणाला अपुरा वाटेल. परंतु १९८५ मध्ये डिफेन्स फोर्सने होंडुरासच्या ऑलिंपिया क्लबाला अंतिम लढतीत हरवून तेच अजिंक्यपद एकट्याने जिंकले. १९८७ आणि १९८८ मध्येही हा संघ अंतिम लढतीपर्यंत गेला. एकदा मेक्सिकोच्या अमेरिका क्लबाकडून आणि एकदा ऑलिंपियाकडून हरला. मेक्सिकोतील क्लबांचे पैसे, त्यांची प्रचंड मैदाने, त्यांचे प्रेक्षक यांच्या तुलनेत त्रिनिदादकडे काहीच नव्हते. मग हे कशामुळे साधले?

त्याचे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. डिफेन्स फोर्सचा खेळाडू हा सैनिक किंवा तटरक्षक असतो. त्याला दरमहा पगार मिळतो, दुखापत झाली तर दलाची वैद्यकीय सोय असते, पाय थकले की नोकरी संपत नाही आणि निवृत्तीनंतर वेतन मिळते. सरावाला शिस्त असते, कारण सराव चुकवणे म्हणजे कामावर गैरहजर राहणे. खेळाडूच्या घरच्यांना फुटबॉल हा पोटापाण्याला मारक ठरणारा छंद वाटत नाही, उलट त्याच्या पायांतील कौशल्यामुळे घरात पक्की नोकरी येते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला यापेक्षा जास्त हवे असते ते फक्त परदेशातील करार, आणि तोही काहींना याच क्लबातून मिळाला. कार्लोस एडवर्ड्‌स, डेनिस लॉरेन्स आणि जेसन स्कॉटलंड हे तिघेही डिफेन्स फोर्समधून ब्रिटनमधील क्लबांकडे गेले. १६ नोव्हेंबर २००५ रोजी बहरीनची राजधानी मनामा येथे ड्वाइट यॉर्कच्या कॉर्नरवर ज्याने डोक्याने गोल केला आणि त्रिनिदाद-टोबॅगोला प्रथमच विश्वचषकात नेले, तो उंचापुरा बचावपटू लॉरेन्स म्हणजे पूर्वीचा सैनिकच होता.

विश्वचषकाची ती दारे खरे तर सोळा वर्षे आधीच उघडायची होती. १९८९ मध्ये एव्हरल्ड कमिंग्ज यांच्या मार्गदर्शनाखाली जो संघ बांधला गेला, तो मुख्यतः स्थानिक क्लबांतील खेळाडूंचा होता. १९ नोव्हेंबर १९८९ रोजी पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये अमेरिकेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. सारा देश लाल कपडे घालून बाहेर पडला होता, आणि पॉल कॅलिजुरीच्या एका लांब पल्ल्याच्या फटक्याने ते स्वप्न १-० असे मोडले. त्या पराभवाचे दुःख त्रिनिदादी माणूस अजून सांगतो. क्लबांच्या दृष्टीने त्यातून एक जाणीव मात्र पक्की झाली: हौशी आणि नोकरीपेशाच्या फुटबॉलवर इथवर येता येते, पुढे जायचे तर व्यावसायिक लीग हवी. आधी निमव्यावसायिक प्रयोग झाले आणि १९९९ मध्ये प्रो लीग सुरू झाली. इंग्रजीभाषक कॅरिबियनमध्ये हे पाऊल धाडसाचे होते, आणि ते उचलणाऱ्यांचे श्रेय मी कमी करू इच्छित नाही.

पहिले विजेतेपद डिफेन्स फोर्सने पटकावले, पण पुढची दहा वर्षे नव्या क्लबांची होती. डब्ल्यू कनेक्शन हा डेव्हिड जॉन-विल्यम्स यांचा क्लब. शेजारच्या बेटांवरून आणि दक्षिण अमेरिकेतूनही खेळाडू आणायचे, त्यांना घडवायचे आणि परदेशी क्लबांना विकायचे, हा त्यांचा स्पष्ट हिशोब होता. केन्वाइन जोन्स साउदॅम्प्टनला गेला तो याच क्लबातून. जो पब्लिक हा जॅक वॉर्नर यांचा क्लब, ज्यांनी १९९० पासून २०११ पर्यंत या साऱ्या विभागाच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद भूषवले. सान हुआन जॅब्लोटेह या क्लबामागे क्लिको या बलाढ्य विमा कंपनीचा समूह होता. देशाच्या मध्य भागातून डॉक्स खेलवालाज नावाचा क्लबही लीगमध्ये उतरला होता. त्या भागात भारतीय वंशाची वस्ती दाट आहे.

या काळाचा खेळ खरोखर चांगला होता, हे आकडे सांगतात. २००६ च्या विश्वचषकासाठी जर्मनीला गेलेल्या तेवीस जणांत जॅब्लोटेहचे तिघे होते, सिड ग्रे, ऑर्टिस व्हिटली आणि अँथनी वुल्फ, आणि डब्ल्यू कनेक्शनचा अटिबा चार्ल्स होता. डॉर्टमुंडमध्ये दहा खेळाडूंनिशी स्वीडनला गोलशून्य बरोबरीत रोखणारा तो संघ. २००८ मध्ये जो पब्लिकने अमेरिकेच्या मेजर लीगमधील न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनला दोन सामन्यांत मिळून ६-१ असे हरवले. त्यातले चार गोल बोस्टनजवळच्या त्यांच्याच मैदानावर झाले. पुढच्याच वर्षी डब्ल्यू कनेक्शनने न्यूयॉर्क रेड बुल्सला स्पर्धेबाहेर काढले. अमेरिकेतील क्लबांच्या एका मोसमाच्या खर्चात त्रिनिदादची लीग कितीतरी वर्षे चालली असती.

आणि नेमक्या याच सुमारास घसरण सुरू झाली. जानेवारी २००९ मध्ये क्लिकोचा मूळ समूह कोसळला आणि सरकारला तो सावरण्यासाठी धावून जावे लागले. चार वेळा लीग जिंकलेला जॅब्लोटेह पैशांअभावी खंगत गेला आणि २०१२ मध्ये त्याला लीग सोडावी लागली. २०११ मध्ये वॉर्नर यांना जागतिक फुटबॉलमधील सर्व पदे सोडावी लागली आणि त्याच वर्षी जो पब्लिकही लीगमधून बाहेर पडला. माकोया येथील ज्या संकुलात तो क्लब खेळे, ते महासंघाच्या पैशातून उभे राहिले असूनही त्याची जमीन वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावे असल्याचा निष्कर्ष महासंघाच्या चौकशी समितीने २०१३ मध्ये काढला. श्रोतेहो, मैदानावर या क्लबांचे काहीही चुकले नव्हते. खेळाडू तेच होते, प्रशिक्षक तेच होते. एका विमा कंपनीचा ताळेबंद आणि एका पुढाऱ्याचे पद, एवढ्या दोन खुंट्यांवर देशातील दोन मोठे क्लब टांगलेले होते.

मग उरलेल्या क्लबांना सरकारी अनुदानाने जगवण्याचा प्रयत्न झाला. अनुदान आले, पण त्याबरोबर त्याची अनिश्चितताही आली. तेलाचे भाव पडले की सरकारचा हात आखडतो, आणि सरकारचा हात आखडला की खेळाडूचा पगार थकतो. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल एफसीने लागोपाठ तीन वेळा लीग जिंकली आणि २०१५ व २०१६ मध्ये कॅरिबियन अजिंक्यपदही मिळवले. मालक बदलले, प्रायोजक बदलले, पण दुखणे तेच राहिले.

या दुखण्याचे मूळ माझ्या मते पैशापेक्षाही मैदानात आहे. २००१ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा त्रिनिदाद-टोबॅगोत झाली. तिच्यासाठी माराबेला, कुवा, मालाबार आणि टोबॅगोत बॅकोलेट येथे चार नवी स्टेडियम बांधली गेली आणि राजधानीतील हेझली क्रॉफर्ड स्टेडियम जोडीला होते. लहान देशासाठी ही केवढी मोठी संपत्ती! परंतु ती सरकारच्या मालकीची राहिली. क्लब तिथे भाडेकरू म्हणून येत. खर्च वाचावा म्हणून एकाच संध्याकाळी एकाच स्टेडियममध्ये दोन-दोन सामने लावले जात, आणि कित्येकदा चारही संघांपैकी एकाचेही ते गाव नसे. आपल्या वस्तीतील संघ पाहायला माणूस आपल्या वस्तीत पायी जातो. दुसऱ्या शहरातील दहा हजार आसनांच्या स्टेडियममध्ये गाडी करून जाईल अशी अपेक्षा धरणे चूक होते. परिणामी क्लबांना नावे होती, झेंडे होते, पण ज्याला आपण आपला प्रेक्षक म्हणतो तो नव्हता.

प्रेक्षकांना फुटबॉलचा कंटाळा आला होता म्हणावे, तर तेही खरे नाही. त्याच बेटावर माध्यमिक शाळांच्या सामन्यांना, विशेषतः इंटरकोल नावाच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेला, क्लबांपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटते. शाळेचा संघ म्हणजे माजी विद्यार्थी, पालक, शेजारीपाजारी, सगळ्यांचाच संघ. ग्रीसमध्ये एईके अथेन्सकडून लीग आणि चषक जिंकणारा लेव्ही गार्सिया हा दक्षिण त्रिनिदादमधील पेनाल गावच्या शिवा बॉइज हिंदू कॉलेजचा विद्यार्थी. शालेय वयातच त्याच्यावर नेदरलंड्‌समधील क्लबाची नजर गेली. गल्लीबोळांत, छोटे गोलखांब लावून खेळला जाणारा ‘स्मॉल गोल’ तर बेटभर चालतो आणि संध्याकाळच्या हौशी खेळाला तिथे ‘स्वेट’ म्हणतात. खेळाची भूक मुबलक आहे. ती शाळेत भागते, गल्लीत भागते आणि क्लबाच्या दारात मात्र अडते.

देशात पगाराची शाश्वती नाही म्हटल्यावर खेळाडू बाहेर पडले, आणि त्यांपैकी काहींची वाट थेट आपल्या शेजारी, गोव्यात आली. जॅब्लोटेहचा अँथनी वुल्फ चर्चिल ब्रदर्सकडून खेळला आणि जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन कप जिंकणाऱ्या संघात होता. २०१८-१९ च्या आय-लीगमध्ये याच क्लबाच्या विलिस प्लाझाने एकवीस गोल केले आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला आला. कॉर्नेल ग्लेन शिलाँग आणि कोलकाता येथे खेळला. ज्या गोव्यात खाण उद्योगांच्या आश्रयावर क्लब वाढले, तिथल्या रसिकांना त्रिनिदादची ही कथा परकी वाटू नये. आपल्या मुंबईतील महिंद्र युनायटेडही कंपनीच्या एका निर्णयाने २०१० मध्ये बंद झालाच ना.

यातून बाहेर पडण्याची एक वाट मात्र त्रिनिदादमध्ये दिसली, आणि तिच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. सेंट अ‍ॅन्स रेंजर्स हा प्रो लीगमधील जुना पण सतत तळाशी राहणारा क्लब. २०१९ मध्ये त्याने नव्या मालकीत आपले बिऱ्हाड अरिमाजवळील ला होर्केटा या वसाहतीत हलवले, वसाहतीचे नाव धारण केले आणि भाड्याच्या मोठ्या स्टेडियमऐवजी वस्तीतल्या ‘फेज टू’ मैदानावर घरचे सामने खेळायला सुरुवात केली. ला होर्केटा ही सरकारी घरांची, कष्टकऱ्यांची वस्ती आहे. लोक घरांतून उठून मैदानाच्या कडेला आले, आणि मोठ्या स्टेडियमना कधी लाभली नव्हती अशी गर्दी तिथे जमू लागली. स्पर्धेचा दर्जा तोच होता, खेळाडूही बरेचसे तेच होते. बदललेली गोष्ट होती ती केवळ सामन्याची जागा.

तो मोसम पूर्ण होऊ शकला नाही. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, खेळ थांबला आणि डिफेन्स फोर्सला विजेता जाहीर करण्यात आले. त्याच महिन्यात जागतिक महासंघाने त्रिनिदादच्या संघटनेचे निवडून आलेले पदाधिकारी दूर करून कारभार एका समितीकडे सोपवला. तो वाद न्यायालयात गेला, सप्टेंबरमध्ये देश निलंबित झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते निलंबन उठले. साथ आणि संघटनेची ही दुरवस्था यांत मिळून जवळजवळ तीन वर्षे देशात वरच्या श्रेणीची लीगच झाली नाही. अठरा वर्षांच्या खेळाडूची तीन वर्षे म्हणजे काय, हे प्रशिक्षकांना वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांना शक्य होते ते परदेशी गेले. बाकीच्यांनी मिळेल ते काम धरले.

मार्च २०२३ मध्ये प्रीमियर फुटबॉल लीग या नव्या नावाने स्पर्धा पुन्हा सुरू झाली. सैन्याबरोबर पोलीस आणि तुरुंग विभाग यांचेही संघ तीत उतरले. ज्यांच्या खेळाडूंना महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार मिळतो, ते संघ मधल्या तीन वर्षांत मोडले नव्हते. पहिले विजेतेपद डिफेन्स फोर्सने घेतले. खासगी आणि वस्तीतील क्लबांपुढचा प्रश्न त्यामुळे अधिकच उघड झाला आहे: ला होर्केटासारखे एकेक मैदान दीर्घ मुदतीच्या कराराने त्यांच्या हाती देणे, तिथे दिवे बसवणे, मुलांचे संघ तिथेच घडवणे आणि दाराशी जमणाऱ्या तिकिटाच्या पैशाचा हिशोब वस्तीसमोर ठेवणे. यांपैकी कोणत्याही कामासाठी परदेशी प्रशिक्षक लागत नाही की नवे स्टेडियम लागत नाही. मैदाने आज बहुतांशी सरकारी खात्यांच्या आणि स्थानिक महापालिकांच्या ताब्यात आहेत, आणि ती क्लबांच्या नावे करण्याचा निर्णय त्यांनाच घ्यायचा आहे.

नमस्कार.